आक्काचं अर्धं वाक्य

एखाद्या बाईच्या कौतुकाची म्हणून तुम्ही शेवटची पुढं पाठवलेली पोस्ट आठवा. ती विज्ञानात काम करणारी असेल तर आणखी बरं. ती बाई नेमकं काय शोधते आहे, हे त्या पोस्टमध्ये लिहिलं होतं का?

माझ्या पोस्टमध्ये नव्हतं. त्यासाठीच मला अकोल्याहून कोल्हापूरला जावं लागलं.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील सभांची, मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. छापून आलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. पत्रकाला शत्रू लागतो आणि तो पहिल्या चार ओळींत दिसावा लागतो, हे मला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. पुढं पत्रकं फोनवर आली आणि मी तीच शिस्त घेऊन फोनवर लिहू लागले.

गेल्या वर्षी महिला दिनाच्या तोंडावर मी कोल्हापूरच्या अश्विनीवर लिहिलं. अश्विनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दगडफुलावर पीएच.डी. करते. दगडफूल म्हणजे आपण मसाल्यात घालतो तो काळपट, कुरकुरीत पापुद्रा. तो खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढतो. तिच्याशी मी फोनवर तासभर बोलले होते. शीर्षक दिलं, ‘डोंगराला जायचं न्हाय तुला!’ हे तिच्या सासूचं वाक्य. त्याखाली खडकापाशी उकिडवी बसलेल्या अश्विनीचा फोटो. मजकुरात ‘रणरागिणी’ दोनदा, ‘जिद्द’ तीनदा, ‘चूल’ एकदा. दगडफुलाबद्दल अर्धी ओळ. पोस्ट इतकी फिरली की चार वेगवेगळ्या लोकांनी ती मलाच पाठवली, माझं नाव काढून.

मग वर्षभरानं, या फेब्रुवारीत, अश्विनीचा निरोप आला. ‘तुमच्या पोस्टनंतर आत्तींनी डोंगरावर यायचं सोडलं. त्या प्लास्टिक धरायच्या. या वर्षीचं माप शनिवारी आहे. एकटीनं होत नाही. तुम्ही येऊ शकता का?’

आत्ती म्हणजे सासू. निरोपात एकही आरोप नव्हता. मी तो पाच वेळा वाचला आणि तिकीट काढलं.

शुक्रवार, मंगळवार पेठ

रिक्षा पेठेत शिरली आणि मला शिंकांनी धरलं. रिक्षावाल्यानं आरशात बघून सल्ला दिला, “पावणं, तोंडाला रुमाल बांधा. हितनं पुढं चटणीच चटणी हाय.”

फेब्रुवारी संपत आला की कोल्हापुरात वर्षाची चटणी करायची धांदल सुरू होते. चटणी म्हणजे आपली ताटाच्या डाव्या बाजूची नव्हे. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ आणि बाकीचे मसाले एकत्र कुटून केलेला हा लाल मसाला आमटीत पडतो, भाजीत पडतो आणि तेल घालून भाकरीवरही येतो. आमच्याकडे अकोल्यात मसाल्याची पुडी संपली की दुसरी आणतात. इथं बायका वर्षभराचा अंदाज बांधून मिरची निवडतात, उन्हात घालतात, भाजतात आणि कांडपावर रांग लावतात. गल्लीच्या तोंडाशीच एक मिरची कांडप होतं. त्याच्या लोखंडी दांड्यांचा धपधप आवाज घराघरांत पोचत होता.

त्या कांडपाला लागून अश्विनीचं घर. पुढच्या खोलीत मिरच्यांची पोती, तागड्या, बरण्या आणि मधोमध पाटावर बसलेली आक्का. गल्ली तिला आक्का म्हणते. ती अश्विनीची सासू. साठी उलटलेली, अंगानं बारीक, कपाळावर विभूती. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीवरचं, म्हणून मापं मोजताना ती कानडीत मोजते. पेठेत तिच्या हातच्या चटणीला गिऱ्हाईक ठरलेलं आहे.

मी नाव सांगितलं. तिनं हातातली मिरची खाली ठेवली नाही.

“तू ती व्हय?”

मी हो म्हणाले.

“च्या घेणार का दूध?”

एवढंच. नंतर दुपारच्या जेवणापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी गाडीत पाठ करून आणलेली माफी तोंडात घेऊन बसून होते. जेवायला कडक भाकरी होती, पापडासारखी मोडणारी, आठवडाभर टिकणारी. तिच्याबरोबर घट्ट दही, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. मी नको म्हणायच्या आत आक्का तीनदा वाढून गेली. वऱ्हाडात राग आला की माणूस पाहुण्यापुढचा चहासुद्धा विसरतं. इथं ताट भरत राहिलं आणि तोंड बंद राहिलं. शरमेनं मी सगळं संपवलं.

ताट उचलताना ती पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून बोलली.

“मी काय म्हणलो हुतो ठावं हाय? ‘एकटीनं डोंगराला जायचं न्हाय तुला, मी येतो.’ असं म्हणलो.” तिकडच्या बायका स्वतःबद्दल ‘म्हणलो’, ‘गेलो’ असंच बोलतात. “तू निम्मं छापलंस. निम्मं माझ्यापाशीच ऱ्हायलं.”

तिनं ताट मोरीत ठेवलं आणि परत मिरच्या निवडायला बसली.

वाचकहो, मला ते वाक्य चुकीचं सांगितलं गेलं नव्हतं. संध्याकाळी लॉजवर मी वर्षापूर्वीच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग शोधलं. अश्विनीच्या आवाजात पूर्ण वाक्य आहे. त्याच्या मागोमाग माझा आवाज आहे, “वा!” तेव्हा मला ते आवडलं होतं. लिहायला बसल्यावर मला शत्रू लागला, म्हणून मी सुरुवातीचा ‘एकटीनं’ काढला, शेवटचा ‘मी येतो’ काढला आणि जे उरलं त्याला उद्गारचिन्ह लावलं. ही चूक नव्हती. मी ते केलं होतं.

अश्विनी चारला कॉलेजातून आली. तिशी ओलांडलेली, स्कूटरवरून उतरताच डिकीतून डबा काढणारी, घाईत पण शांत. आम्ही माडीवर बसलो आणि तिनं मला वर्ष सांगितलं, जणू प्रयोगवहीतून वाचतेय तसं.

पोस्टनंतर आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. कोल्हापुरात वाढदिवसापासून कुस्तीपर्यंत कशाचाही फ्लेक्स लागतो. मधे अश्विनीचा फोटो, भोवती मंडळाच्या तीसेक पोरांचे गॉगल लावलेले चेहरे, आणि वर मोठ्या अक्षरांत, ‘डोंगराला जायचं न्हाय म्हणणाऱ्यांना सणसणीत उत्तर!’ पोरांचा हेतू चांगला होता. आपल्या गल्लीतली बाई गाजली याचा त्यांना खरा अभिमान होता. फक्त ती म्हणणारी बाई त्या फ्लेक्सखालून रोज दळण घेऊन जात होती. पावसाळ्यापर्यंत तो तिथंच होता.

कॉलेजनं सत्कार केला. शाल, श्रीफळ, साडी. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात आक्काचं वाक्य म्हणून दाखवलं आणि सभागृह हसलं. अश्विनी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेईल तेवढीच तिची नोकरी. दरवर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. डोंगरावर गेली की तास बुडतो. सत्काराच्या दिवशी ती या सगळ्याबद्दल बोलेल अशी भीती कुणाला नव्हती, कारण माझ्या पोस्टनं तिची अडचण घरातच असल्याचं सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

“कमेंट मी सगळ्या वाचल्या,” अश्विनी म्हणाली. “सवयच आहे, नमुने वेगळे काढायची. सलाम करणाऱ्या एका बाजूला, सासूला शिव्या देणाऱ्या दुसऱ्या बाजूला. ‘घर सांभाळून हे कसं जमवता’ म्हणणाऱ्या तिसऱ्या. दगडफुलाबद्दल प्रश्न विचारणारा एकच माणूस निघाला.”

मी विचारलं, काय विचारलं त्यानं?

“किलोनं मिळंल का म्हणून.”

ती हसली. मला हसता आलं नाही.

शनिवार, गारगोटीच्या वर

सकाळी सहाला मी घरी पोचले तेव्हा अश्विनीच्या भाकऱ्या झाल्या होत्या. आक्का अंघोळ करून विभूती लावत होती. आज डोंगराचा दिवस आहे हे तिला माहीत होतं, पण घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आम्ही चपला घातल्या तेव्हा तिनं अश्विनीच्या पिशवीत दह्याचा डबा सरळ करून ठेवला, इतकंच.

गारगोटीला उतरून झणझणीत रश्श्यातला कट वडा खाल्ला. मग वडापसाठी थांबलो. वडाप म्हणजे भरल्याशिवाय न हलणारी जीप. माझ्या मांडीवर एका आजींचं गाठोडं होतं आणि माझं डोकं टपाला. आजींनी विचारलं, कुठं निघालाय पोरींनो. अश्विनीनं सांगितलं, दगडफूल मोजायला.

“मोजून काय हुतंय? न्या की पोतं भरून.”

“पोतं भरून न्यायला किती दिवस पुरंल, तेच मोजतोय आजी.”

आजींनी माझ्या मांडीवरचं गाठोडं सारखं केलं. मग म्हणाल्या, पूर्वी मिळायचं तेवढं आता मिळत न्हाय, ही गोष्ट खरी. माझ्या पोस्टवर शेकडो माणसांनी हात जोडले होते. अश्विनीच्या कामाबद्दल अर्थपूर्ण बोललेलं पहिलं माणूस मला त्या जीपमध्ये भेटलं.

सड्यावर चढलो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं उघडं, सपाट कातळ. झाड औषधाला, आणि वारा असा की पदर, केस, विचार काहीच जागेवर राहत नाही. तीन वर्षांपूर्वी अश्विनीनं इथं हात-हातभर रुंदीचे बारा चौकोन आखले. दहा चौकोनांतलं दगडफूल तिनं कमीजास्त खरवडून काढलं, मसाल्यासाठी गोळा करणारे काढतात तसं. दोन चौकोनांना हात लावला नाही. दरवर्षी त्याच आठवड्यात येऊन ती चौकोनावर पारदर्शक प्लास्टिक ताणते आणि खालच्या दगडफुलाची कड बारीक पेननं गिरवून घेते. गेल्या वर्षीचं प्लास्टिक यंदाच्यावर ठेवलं की वाढ दिसते. काम इतकं साधं आहे आणि त्याला चार हात लागतात. दोन गिरवायला, दोन वाऱ्यात प्लास्टिक धरायला.

मी ते धरायला आले होते आणि मला ते येत नव्हतं. पहिल्या चौकोनावर माझा कोपरा सुटला. दुसऱ्यावर पेन घसरून रेघ फिसकटली, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यावर प्लास्टिकच उडालं आणि त्याच्यामागं मी कातळावरून धावले, गुडघा फुटला. अश्विनी ओरडली नाही. म्हणाली, “आत्ती हातानं धरायच्याच नाहीत. दोन गुडघे, एक कोपर आणि चौथ्या टोकावर त्यांची चप्पल.”

मग मी आक्कासारखी बसले, आणि जमलं.

पाचव्या चौकोनानंतर तिनं मला जुनं प्लास्टिक नव्यावर ठेवून दाखवलं. दोन रेघांमध्ये फट होती, कुठं तांदळाच्या दाण्याएवढी, कुठं त्याहून कमी. एका पूर्ण वर्षाचं, एका पावसाळ्याचं, वाऱ्याचं, धुक्याचं सगळं मिळून एवढंच. मी त्या रेघांकडं बघत राहिले. ज्या बाईला मी वादळ म्हटलं होतं, वीज म्हटलं होतं, तिचं काम हे होतं. गुडघ्यांवर बसायचं आणि तांदळाच्या दाण्याएवढा फरक न चुकता टिपायचा.

हा विषय कसा सुचला, असं मी वर्षापूर्वी तिला विचारलंच नव्हतं. आता विचारलं.

“आत्तींनी विचारला होता प्रश्न. लग्न होऊन आले त्या वर्षी. चटणीला आणलेलं दगडफूल हातात घेऊन म्हणाल्या, पूर्वी तळहाताएवढं यायचं, आता नखाएवढं येतंय आणि निम्मी साल असतीय. तू झाडपाल्याचं शिकलीस, सांग की, आसं का? मला सांगता येईना. म्हणून नाव नोंदवलं.”

दुपारपर्यंत दहा चौकोन झाले. राहिले ते दोन, हात न लावलेले. ते मुद्दाम लांब, गोळा करणाऱ्यांना सापडणार नाहीत असे निवडले होते. चौकोनांच्या कोपऱ्यांना दरवर्षी रंगाचे ठिपके द्यायचे असा नियम. गेल्या वर्षी ठिपके देता देता डबा संपला आणि हे दोन राहिले. आक्का म्हणाली होती, “ऱ्हाऊ दे, माझ्या ध्यानात हाय की.” आणि अश्विनीनं, वहीत वाऱ्याची दिशासुद्धा टिपणाऱ्या अश्विनीनं, ते ऱ्हाऊ दिलं. दोन वर्षं आक्काच सरळ चालत जाऊन त्या जागेवर उभी राहायची. तिच्याशिवाय इथं यावं लागेल, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आम्ही दोन तास शोधलं. फोनमधल्या नकाशानं त्या भागात आणून सोडलं, पण तिथं प्रत्येक कातळ दुसऱ्यासारखा आणि प्रत्येकावर दगडफूल. कड्याच्या टोकाला थोडी रेंज मिळाली. अश्विनीनं घरी फोन लावला. आक्कानं उचलला, “कामात हाय,” म्हणाली आणि ठेवला.

अश्विनी खाली बसली आणि भाकरीचं फडकं सोडलं. दोन्ही नाही सापडले तर, असं मी विचारलं. ती सावकाश बोलली. खरवडलेलं किती वाढलं ते सांगता येईल. न खरवडलेल्यापेक्षा कमी की जास्त, ते सांगता येणार नाही. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. तीन वर्षं त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी होती.

मग तिनं मला फोनवर तिचा एक गट दाखवला. संशोधन करणाऱ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या बायकांचा. मी वर वर वाचत गेले. ‘गाईड फोन उचलत नाहीत, कुणाच्या ओळखीचे आहेत का?’ ‘उद्या मायक्रोस्कोप दोन तास मोकळा आहे, कुणाला हवा?’ ‘माझं बाळ तापानं फणफणलंय, सेमिनारमध्ये माझी स्लाइड कोण दाखवेल?’ ‘मी.’ ‘मी पण आहे.’ कुणी कुणाला रणरागिणी म्हटलेलं नव्हतं. एकही सलाम नव्हता. प्रत्येक वाक्य कामाचं, आणि प्रत्येकाखाली उत्तर. वडिलांच्या पत्रकांत मी ज्याला एकजूट म्हणायला शिकले, ती मला या रुक्ष ओळींत दिसली. माझ्या स्वतःच्या लिखाणात ती कधीच नव्हती.

उतरताना मी एक गोष्ट विचारलीच. पहाटे उठून भाकऱ्या तूच का करतेस?

“आत्तींचा नियम. भाकरी करून मगच घर सोडायचं.” तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “आत्ती देवी नाहीत. ते मला बोचतं, आणि नवरा मदतीला उठत नाही तेही बोचतं. ते लिहायचं होतं की तुम्ही. ते खरं होतं.”

रविवार, जोतिबा

माघातल्या रविवारी कोल्हापुरातले लोक जोतिबाला खेटे घालतात. पुष्कळ जण शहरातून अनवाणी चालत निघतात. आक्का पायथ्यापर्यंत गाडीनं जाते आणि तिथून पायऱ्या चढते. मी येऊ का विचारलं. “रस्ता काय माझा हाय?” म्हणाली. मी तो होकार धरला.

डोंगरावर सगळं गुलाबी होतं. पायऱ्या, भिंती, कुत्री, माणसांच्या पापण्या. दर थोड्या वेळानं कुणीतरी ‘जोतिबाच्या नावानं’ म्हणायचं आणि अख्खी वाट ‘चांगभलं’ म्हणून उत्तर द्यायची. आमच्या बाजूच्या जत्रांत इतका गुलाल मी पाहिला नव्हता. आक्का माझ्या दोन पायऱ्या पुढं, न थांबता चढत होती. सड्यावर यायला तिच्या पायांची हरकत नव्हती, हे स्पष्ट होतं.

गुलाल-खोबऱ्याच्या एका दुकानापाशी ती थांबली. दुकानदार ओळखीचा, वर्षानुवर्षांचा. पुडी बांधता बांधता त्यानं विचारलं, “काय आक्का, आज कुणाला डोंगराला जायाला आडवलीस?”

शेजारचे दोघे हसले. आक्कासुद्धा हसली. दात दिसतील असं, बाजारात हसतात तसं. पुडी घेतली आणि चालू लागली.

मी मागं राहिले. दुकानदाराला म्हणाले, ते वाक्य त्यांचं नाही, मी मोडून छापलं होतं. तो गोंधळला, ओशाळलाही. “आवो पावणं, आमी गमतीनं म्हणतोय. मोबाइलात आलतं की.” त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता. तेच जड गेलं. मंगळवार पेठेतून माझं अर्धं वाक्य या डोंगरापर्यंत चढून आलं होतं आणि वर्षभर एका बाईची वाट अडवून बसलं होतं.

दर्शन झाल्यावर देवळाच्या आवाराबाहेर एका कट्ट्यावर आक्का बसली. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि फोन काढला. मला वाटलं होतं, इथंच, तिच्याशेजारी, सगळ्यांसमोर माफी मागावी आणि ती लगेच टाकावी. मोठी चूक, मोठी माफी. मी बोलायला सुरुवातही केली. आक्कानं आपला गुलालाचा तळवा फोनच्या काचेवर ठेवला.

“आत ठेव त्यो.”

मी फोन आत ठेवला.

“आदी मला राक्षशीण केलीस, आता देवी करशील. ते दगडफुलाचं चाललंय, त्यातलं कुणी काय वाचतंय का?” मग आवाज उतरवून, “मी गेलो आन वर कुणी बघितलं, तर म्हणतील, बघा, आता फोटू काढून घ्याला आली. न गेलेलं बरं.”

मी म्हणाले, अश्विनीला दोन चौकोन सापडले नाहीत. ते नाही सापडले तर तीन वर्षं वाया जातील. हे तिला माहीत होतं का, मला ठाऊक नाही. ती बराच वेळ गुलालाच्या पुडीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

“वही हाय का?”

होती.

“लिव. समदं लिव.”

आणि तिनं सांगितलं. म्हशीच्या पाठीसारखा कातळ सोडून उगवतीकडं चालायचं, पाणी साचायचा खड्डा लागतो, तो उजव्या अंगाला टाकायचा. तिथनं करवंदीची एकच जाळी दिसते, तिच्याकडं तोंड करून ती बसली तर जिथं तिची पाठ येईल तिथं एक. दुसऱ्याचं सांगताना ती अडखळली. डोळे मिटून हवेत हात फिरवला, दोनदा दिशा बदलली. “त्यो पायाला ठावं हाय, तोंडाला न्हाय,” म्हणाली. मी प्रत्येक शब्द लिहिला, अडखळणंसुद्धा. लिहून झाल्यावर तिनं मला ते वाचून दाखवायला लावलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

सोमवार आणि नंतर

सोमवारी अश्विनीनं एक तास बुडवला. गटावर तिनं लिहिलं होतं, ‘गारगोटीच्या वर प्लास्टिक धरायला कुणी आहे का? वारा फार असतो.’ साताऱ्याकडची एक मुलगी, बेडकांवर काम करणारी, आदल्या संध्याकाळीच येऊन थांबली होती. माझी गाडी दुपारची होती, म्हणून मी गेले नाही. निघायच्या आधी निरोप आला. एक सापडला. करवंदीकडं तोंड करून बसल्यावर पाठ येते तिथंच. दुसरा नाही.

एकावर भागत नाही. अश्विनीनं एक वर्ष मुदतवाढ मागितली आहे. येत्या फेब्रुवारीत शेवटचं माप आहे आणि दुसरा चौकोन फक्त आक्काच्या पायांना माहीत आहे. तुम्ही याल का, असं अश्विनीनं तिला मी व्हिडिओ कॉलवर असताना विचारलं. आक्का मिरच्या निवडत म्हणाली, “लोकांची तोंडं थांबू देत. मग बघू.”

अकोल्याला आल्यावर मी जुनी पोस्ट काढून टाकली. नवी लिहिली. पूर्ण वाक्य, बारा चौकोन, तांदळाच्या दाण्याएवढी वाढ, तासिका तत्त्व, पहाटेच्या भाकऱ्या, आणि मी काय केलं ते. जुनीच्या मानानं ती कुणीच वाचली नाही. मी पुसलेली पोस्ट मात्र दुसऱ्यांच्या फोनमध्ये माझ्या नावाशिवाय अजून फिरते आहे. मागच्याच आठवड्यात ती मला पुन्हा आली, शुभ सकाळसह.

माझ्या एकटीच्या हातानं हे होणार नाही. म्हणून तुमच्याकडं मागते आहे. तुमच्या फोनमध्ये शोधा: ‘डोंगराला जायचं न्हाय तुला’. ती पोस्ट सापडली, तर तुम्ही ती कुणाकुणाला पाठवली होती ते बघा. त्यांना फोन करा. निरोप पाठवू नका, तो कुणी वाचत नाही. बोला. सांगा, की कोल्हापूरच्या त्या बाईनं सुनेला अडवलं नव्हतं. ती म्हणाली होती, ‘एकटीनं डोंगराला जायचं न्हाय तुला, मी येतो,’ आणि ती गेली होती. कोल्हापुरात तुमचं कुणी असेल, तर पहिला फोन त्यांना करा. फेब्रुवारीच्या आत.